तीर्थनच्या ट्राउटसाठी लॉज घेताना: खोलीपेक्षा गाईड आणि आठवडा पाहावा

उजनीच्या फुगवट्यावर आणि हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकण्याचा आपल्याला चांगला सराव आहे, आणि आता मे महिन्याच्या सुट्टीत वडिलांना घेऊन हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यातील एका लॉजचे गाईडसह फ्लाय फिशिंगचे (म्हणजे किड्यासारखी दिसणारी हलकी कृत्रिम ‘फ्लाय’ लावून मासे धरण्याचे) पॅकेज घ्यावे की नाही, तसेच सोलापुरातून कोणते सामान न्यावे, असा आपला प्रश्न आहे. जरूर जावे, असे माझे मत आहे. मात्र पॅकेजच्या जाहिरातीत खोलीचे आणि शेकोटीचे फोटो कितीही असले, तरी आपले पैसे खरोखर ज्या दोन गोष्टींवर वसूल होतात त्या म्हणजे गाईड आणि आठवडा.

आधी आठवड्याचे पाहू. हिमाचलात ट्राउटच्या (थंड, वाहत्या पाण्यातल्या या माशाच्या) विणीसाठी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात आली तर ती सुट्टी आपल्या उपयोगाची नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी थंड आणि बहुधा स्वच्छ असते. मे उजाडला की वरच्या डोंगरांतले बर्फ दिवसाच्या उन्हाने वितळते आणि दुपारनंतर नदी चढून गढूळ होते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस तेच काम अधिक जोराने करतो. पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, पाणी पुन्हा निवळते आणि माझ्या दृष्टीने हाच काळ सर्वांत चांगला आहे. सुट्टी मेमध्येच मिळणार असेल तर पहिला पंधरवडा धरावा आणि गाईडला आधीच सांगून ठेवावे की आपल्याला पहाटेच पाण्यावर उभे राहायचे आहे, नाश्ता नंतर झाला तरी चालेल.

गाईड कशासाठी, हे समजण्यासाठी उजनीचा सराव थोडा बाजूला ठेवावा लागेल. तेथे आपण कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावतो, वजनाच्या जोरावर तंगूस लांब फेकतो आणि कटला किंवा चिलापी वासाने येण्याची वाट पाहतो. ट्राउट वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून, कमीत कमी श्रमात उभा राहता येईल अशा जागी थांबतो: मोठ्या दगडाच्या आडोशाला, किंवा वेगवान आणि संथ पाणी जेथे एकमेकांना चिकटून वाहते त्या रेषेवर. प्रवाह अन्न घेऊन येतो आणि तो ते जागच्या जागी टिपतो. म्हणून चांगला गाईड पहिला फेक टाकण्याआधी नदीतला एखादा दगड उलटा करून दाखवतो. त्याच्या खालच्या बाजूला चपट्या अंगाची, शेपटीला तीन बारीक तंतू असलेली मेफ्लाय या किड्याची पिल्ले सरपटत असतात, आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या बोटाच्या पेराहून लहान नळ्यांत कॅडिस या किड्याच्या अळ्या बसलेल्या असतात. दगडाखाली जे दिसते त्या आकाराची आणि रंगाची निंफ (पाण्याखालच्या पिल्लासारखी फ्लाय) तो दोरीला बांधतो. पृष्ठभागावर किडे उडताना दिसले तरच पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लाय काढतो. जो गाईड हे काहीही न पाहता डबीतली पहिली फ्लाय बांधतो, तो केवळ वाटाड्या आहे असे समजावे.

त्यामुळे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लॉजला फोन करून नीट विचारावे की एका गाईडमागे किती जण असतील (दोघांपेक्षा जास्त नकोत), मासेमारी नदीत होणार की आवारातल्या तळ्यात सोडलेल्या रेनबो ट्राउटवर, आणि मत्स्य विभागाचा परवाना कोण काढणार. तळ्यातला मासा धरणे हा मुलांसाठी छान खेळ आहे, पण त्यासाठी सोलापूरहून इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. तीर्थनमध्ये जो ब्राउन ट्राउट आहे त्याचे पूर्वज इंग्रजांच्या काळात परदेशातून काश्मीरमार्गे आणले गेले, पण आता तो तेथे स्वतः वीण घालतो आणि माणसाची सावली पाण्यावर पडली तरी निघून जातो.

सामान विकत घेऊ नये. रॉड, रीळ आणि वेडर्स (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) लॉजकडे मिळतात. पोलराइज्ड गॉगल मात्र स्वतःचा न्यावा, कारण पाण्यावरची चकाकी गेल्याशिवाय तळातले काही दिसत नाही. खरी तयारी घरीच करायची आहे. फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसते, जाड दोरीच तिला ओढून नेते, म्हणून गळ टाकण्याची आपली झटका देण्याची सवय येथे आड येते. कोणाकडून फाइव्ह वेटचा (मध्यम वजनाच्या दोरीसाठीचा) रॉड मागून घ्यावा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा आणि सकाळी होम मैदानावर तीस फुटांवर चादर पसरून तिच्यावर तो अलगद पडेपर्यंत सराव करावा. रॉड मागे नेल्यावर दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबणे, एवढेच शिकून गेलात तरी गाईडचा पहिला दिवस वाचेल.

वडिलांबद्दल: गुळगुळीत दगडांवर उभे राहण्यासाठी काठी आणि पकड असलेले बूट हवेतच, आणि त्यांना गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरवू नये. तीर्थनवर मोठे धरण नाही, पण ती लारजीजवळ बियासला मिळते आणि बियासवर धरणातून अचानक पाणी सुटते. 8 जून 2014 रोजी लारजी धरणाच्या खालच्या बाजूला हैदराबादचे 24 विद्यार्थी असेच वाहून गेले. म्हणून बियासच्या पात्रात फोटोपुरतेही उतरू नये. प्रवासासाठी सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तेथून मनालीच्या बसने औट येथे उतरून पुढे बंजारपर्यंत टॅक्सी हा मार्ग वडिलांना सोयीचा पडेल. दिल्लीत एक रात्र मुक्काम मात्र ठेवावा.