रीसेल फ्लॅट घेतलाय. वीज, गॅस, पाणी आपल्या नावावर कधी आणि कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात जुन्या इमारतीत फ्लॅट घेताय, रजिस्ट्रेशन महिन्याभरावर आलंय, आणि मीटर-गॅस वगैरे ताबा मिळाल्यावर निवांत बघू असा विचार आहे. निवांत नको. मी आमच्या सोसायटीचा बरीच वर्षं सेक्रेटरी आहे, फ्लॅट हातबदल होताना जवळून पाहतो. शेवटचा चेक मिळेपर्यंत विकणारा माणूस पहिल्या रिंगला फोन उचलतो. नंतर तो मुलाकडे बंगळुरूला गेलेला असतो. म्हणून जिथे जिथे त्याची सही लागणार, ते कागद आधी तयार ठेवा आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशीच सह्या घ्या. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नंबर येईपर्यंत दोघांनाही बसून राहावं लागतंच.

सगळ्यात महत्त्वाची वीज. महावितरणकडे नावबदलाचा अर्ज ऑनलाइन होतो. इंडेक्स टू (रजिस्ट्रेशननंतर मिळणारा खरेदीचा नोंदणी उतारा), तुमचं ओळखपत्र आणि शेवटचं भरलेलं बिल जवळ ठेवा. विक्रेत्याची सही लागते ती सुरक्षा ठेवीसाठी. त्याची ठेव तुमच्या नावावर वळवायला त्याची लेखी संमती हवी. ठेवीची रक्कम बिलावर छापलेली असते, तेवढे पैसे त्याला व्यवहारातच देऊन टाका म्हणजे विषय मिटतो. जुन्या जोडणीची ठेव बहुधा किरकोळ असते आणि 2021 च्या पुरवठा संहितेपासून (म्हणजे राज्याच्या वीजपुरवठ्याच्या नियमांपासून) ती सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी धरतात, त्यामुळे वरचा फरक तुमच्याकडे मागितला तर दचकू नका.

आता एक गोष्ट जी एजंट कधीच सांगत नाही. बिलावरचा मीटर नंबर आणि खाली मीटर रूममधला नंबर स्वतः ताडून पाहा. मग एकाला मीटरसमोर उभं करा आणि फ्लॅटमधला मेन स्विच बंद करा. घरातला फ्रिज, पंखा चालू असताना मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मेन पाडल्यावर थांबला पाहिजे. नाही थांबला, तर तुमची वायर दुसऱ्याच मीटरला गेलेली असू शकते. जुन्या इमारतींत रंगकाम, रिवायरिंग होताना दोन शेजाऱ्यांच्या वायरींची अदलाबदल झालेली असते आणि वर्षानुवर्षं एकमेकांची बिलं भरली जातात. ताब्याच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा, मीटर नंबर दिसेल असा, आणि तो विक्रेत्यालाही व्हॉट्सअॅप करा.

थकबाकीचं काय, असं तुम्ही विचारलंय. 'ती त्याची, मी का भरू' हा युक्तिवाद फार टिकत नाही. 19 मे 2023 रोजी केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमांत तरतूद असेल तर वीज कंपनी जागेच्या नव्या मालकाकडे, जोडणी देताना, आधीच्या मालकाची बाकी मागू शकते. तेव्हा बिल शून्यावर आणल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. गृहकर्ज असेल तर बँकेचा चेक थेट जातो, म्हणून स्वतःच्या वाट्यातली थोडी रक्कम ताब्यापर्यंत अडवून ठेवायची, आणि हे करारनाम्यातच लिहून घ्यायचं. बिलावर मंजूर भार, म्हणजे त्या जोडणीला किती किलोवॅटची परवानगी आहे, तोही बघा. आधीच्या आजी-आजोबांना दोन पंखे आणि टीव्ही पुरत होता. तुम्ही दोन एसी आणि ई-स्कूटर आणणार असाल तर भारवाढीचा अर्ज नावबदल झाला की लगेच टाका.

गॅस पाइपलाइनचा असेल (पुण्यात एमएनजीएल ही कंपनी तो देते) तर विक्रेत्याला जोडणी सरेंडर करू देऊ नका, तुमच्या नावावर वळवायला सांगा. त्याने मीटर काढून नेला की नव्याने रांगेत. सिलिंडर मात्र फ्लॅटबरोबर येत नाही. तो ज्याचा त्याचा, आणि तुमचा तुम्ही तुमच्या वितरकाकडून नव्या पत्त्याच्या वितरकाकडे बदलून घ्यायचा. रबरी नळी जुनीच वापरू नका.

पाणी बहुतेक सोसायट्यांत मेंटेनन्समधूनच येतं, वेगळं काही करावं लागत नाही. उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचा खर्च कोणावर, एवढं विचारून ठेवा. महापालिकेच्या मिळकतकराची शेवटची पावती मात्र हातात घ्या, कारण कराची बाकी मिळकतीवर बोजा म्हणून राहते. स्वतः राहणाऱ्याला पुण्यात 40 टक्के सवलत आहे. आधी भाडेकरू असेल तर ती बिलात दिसणार नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

सोसायटीकडून 'थकबाकी नाही' हा दाखला घ्या आणि शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदाला मिळणाऱ्या भाग-दाखल्यावर, नाव चढवून घ्या. हस्तांतर शुल्काची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. आमच्यासारख्या कमिट्या त्याशिवाय 'ऐच्छिक देणगी' मागतात, ती नम्रपणे नाकारा. मी सेक्रेटरी असूनही हेच सांगतो.

इंटरनेट सगळ्यात शेवटी. जुना राउटर विक्रेत्याच्या खात्यावर असतो, तो कंपनीला परत करायला त्यालाच सांगा. इमारतीत कोणाची फायबर आलीय ते वॉचमनला विचारा, त्याला नेमकं माहीत असतं.