प्रश्नोत्तरे: रिअल-टाइम यंत्रणेसाठी समांतर प्रोसेसर

प्रश्न: चाकणच्या आमच्या कारखान्यात कन्व्हेयरवरून जाणारा प्रत्येक सुटा भाग कॅमेऱ्याने तपासला जातो. सध्याचा प्रोसेसर अपुरा पडतो. जीपीयू (एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणारा ग्राफिक्स प्रोसेसर) घ्यावा की एफपीजीए (आतील सर्किट हवे तसे जुळवता येणारी चिप)?

उत्तर: माहितीपत्रकातील कमाल वेगाचे आकडे आधी बाजूला ठेवावेत. सरासरी वेळेपेक्षा सर्वांत वाईट परिस्थितीत निकाल यायला किती वेळ लागतो हे येथे निर्णायक आहे, कारण भाग पुढे निघून गेल्यावर मिळालेला अचूक निकालही निरुपयोगी असतो. जीपीयूची ताकद काम गठ्ठ्याने दिल्यावरच पुरती वापरली जाते. त्यामुळे गठ्ठा जमेपर्यंतची प्रतीक्षा, मुख्य मेमरीतून डेटा नेण्याचा वेळ आणि ऑपरेटिंग सिस्टिममुळे होणारा चढउतार हे सारे हिशेबात धरावे लागते. एफपीजीएमध्ये गणित थेट सर्किटच्या रूपात उतरवता येते, म्हणून लागणारा वेळ जवळजवळ ठरलेला असतो; मात्र मोठ्या डिझाइनमधील एखादा बदल पुन्हा कंपाइल व्हायला कित्येक तास लागू शकतात. निकाल देण्याची मुदत काही दहा मिलिसेकंदांची असेल आणि तपासणीचे निकष वारंवार बदलत असतील, तर मी जीपीयूच सुचवेन. मुदत मायक्रोसेकंदांत असेल, तर एफपीजीए. चाचणी मात्र वातानुकूलित खोलीत न घेता शॉप फ्लोअरवर, शक्यतो मे महिन्याच्या उकाड्यात घ्यावी, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

प्रश्न: मग पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत दोन्ही का वापरले आहेत?

उत्तर: तेथे 30 अँटेना आहेत आणि प्रत्येकीचे दोन ध्रुवीकरणांचे (लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांचे) संकेत धरल्यास 60 प्रवाह होतात. पूर्वीची बँडविड्थ (एका वेळी टिपला जाणारा वारंवारतांचा पट्टा) 32 मेगाहर्ट्झ होती आणि ते काम साध्या संगणकांच्या क्लस्टरवर भागत असे. सुधारणेनंतर ती 400 मेगाहर्ट्झपर्यंत गेली, म्हणजे दर हर्ट्झला दोन नमुने धरल्यास 60 प्रवाहांतून दर सेकंदाला सुमारे 48 अब्ज नमुने येऊ लागले. नमुने घेऊन त्यांची पॅकेट्स बनवणे हे ठोक्याला ठोका जुळवण्याचे काम एफपीजीएकडे आहे, तर फूरिए रूपांतर (संकेत वेगवेगळ्या वारंवारतांत विभागण्याचे गणित) आणि अँटेनांच्या 435 जोड्यांचे गुणाकार जीपीयू करतात. निकाल किंचित उशिरा आला तरी तेथे चालते, पण आत येणारा ओघ तुंबून चालत नाही. तुमच्या कन्व्हेयरपेक्षा ही गरज मुळातच वेगळी आहे.

प्रश्न: प्रोसेसरमध्ये 8 ऐवजी 16 कोअर (स्वतंत्रपणे गणित करणारी एकके) घेतल्यास वेग दुप्पट होईल का?

उत्तर: नाही. कामाचा 10 टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर आमडालच्या नियमानुसार (क्रमाने करावा लागणारा भाग एकूण वेगावर मर्यादा घालतो) एका कोअरच्या तुलनेत 8 कोअरवर वेग सुमारे 4.7 पट आणि 16 वर 6.4 पट होतो. शिवाय सर्व कोअर एकाच मेमरीकडे धाव घेतात, त्यामुळे मुदतीच्या कामाचा विलंब उलट वाढूही शकतो. त्या कामासाठी एक कोअर राखून ठेवावा आणि मगच पुन्हा मोजणी करावी.