सूर्याला घाबरली होतीस की आजीला?

बबड्या,

परवा व्हिडिओ कॉलवर तू आजीला किती खुशीत सांगत होतास, आपण 12 ऑगस्टला ग्रहण बघायला स्पेनला, बुर्गोसला चाललोय म्हणून. आजी जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, "तू पोटात होतास तेव्हा तुझ्या आईने ग्रहण नीट पाळलं होतं हो." फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "आई, तू सूर्याला घाबरली होतीस की आजीला?" मी पोळ्यांचं कारण काढून आत गेले. तू चिडवत नव्हतास, तुला खरंच कळत नव्हतं, म्हणून जास्त लागलं ते. बोलताना मला नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितेय, आणि मराठीत कुठे अडलास तर बाबाला विचार.

मी 11 वर्षांची असताना, 1995 च्या दिवाळीत, वाईच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि त्यातच ग्रहणाचे वेध, दुसऱ्या दिवशी म्हणजे 24 ऑक्टोबरला सकाळी सकाळी ग्रहण. राजस्थान, उत्तर प्रदेशात ते खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, फराळाच्या एकेका डब्यात तुळशीचं पान टाकत होती, चकली, अनारसे, लाडू, लोणच्याच्या बरणीतसुद्धा, आणि मी मागे मागे ताटली धरून फिरत होते. पंचांगात स्पर्श, मध्य, मोक्ष असं मिनिटांसकट दिलेलं असतं, ते तिने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. राहू सूर्याला गिळतो असं आम्हाला सांगायची तीच, आणि घड्याळ लावून बसलेली पण तीच. मला त्यात तेव्हा काही विचित्र वाटलं नाही, खरं सांगू तर अजूनही वाटत नाही.

सकाळी दारं खिडक्या बंद. आमची काकू तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती (पोटात कोण, तर पुण्याचा मामा, तुला बॅट आणणारा). तिला माजघरात चटईवर बसवलेलं, हलायचं नाही, सुरी विळीला हात लावायचा नाही, खायचं प्यायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटका होतो असं सगळ्या बायका म्हणायच्या. बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, हळूच "काही होत नाही" म्हणून बघितलं तर आजीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत जपाला बसले. आणि मग भिंतीवर कवडसे पडले. कौलांच्या फटीतून, दाराच्या भोकातून ऊन आत यायचं त्याचे रोज गोल गोल ठिपके पडायचे ना, ते त्या दिवशी सगळे कोरीसारखे झाले, भिंतभर छोटे छोटे चंद्र. भोक कसंही वेडंवाकडं असलं तरी लांब भिंतीवर उमटतो तो सूर्याचाच आकार, हे मला नंतर शाळेत कळलं. आम्ही ग्रहणाला बाहेर ठेवायला दार लावून बसलो होतो आणि ते भिंतीवर येऊन बसलेलं. आजीची माळ थांबली. ती किती वेळ बघत राहिली त्या भिंतीकडे, आणि शेवटी हात जोडले.

सगळ्यांचं लक्ष भिंतीकडे असताना काकूने मला खूण केली, घसा कोरडा पडला होता तिचा. मी मोरीतल्या बादलीतून फुलपात्र भरून आणलं आणि तिने ते एका दमात संपवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामाचा ओठ किती छान आहे तू बघतोसच.

ग्रहण सुटल्यावर आंघोळी, हंड्यातलं सगळं पाणी ओतून नवीन भरलं, घरातले बरेच जण कृष्णेवर गेले. गल्लीतून "दे दान सुटे गिऱ्हाण" अशी हाळी आली. आजीने सुपातून धान्य दिलं, पण वरून, हात लागू नये म्हणून. ते मला तुला समजावून देता येणार नाही आणि त्याची बाजूही घ्यायची नाही. बाकीचं सगळं मी प्रेमाने आठवते, हे नाही.

आता तुझं उत्तर. 20 मार्च 2015, शुक्रवार, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. लंडनला साडेनऊच्या सुमारास सूर्याचा बहुतेक भाग झाकला जाणार होता आणि भारतात ते दिसणारच नव्हतं, तरी तुझ्या आजीचे तीन फोन आले. मला काकूचं पाणी माहीत होतं, मामा माहीत होता, मी सायन्स शिकलेली. तरी ऑफिसला बरं नाही सांगितलं आणि सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिले, साधा बटाटा चिरला नाही. बाहेर नुसते ढग, उजेड थोडा करडा झाला इतकंच. मी सूर्याला घाबरले नव्हते, आजीलाही नाही. तुला काही झालं असतं तर मी आयुष्यभर त्या बटाट्याला दोष देत बसले असते, इतकंच होतं ते. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. आणि काकूसारखं मला तहानलेलं कुणी ठेवलं नव्हतं, मी माझी बसले होते.

तू फ्रिजवर यादी लावलीयस ती मी रोज वाचते. यंदा बुर्गोस, पावणेदोन मिनिटांच्या आसपास काळोख, तोही सूर्य मावळायला आलेला असताना. 2 ऑगस्ट 2027 ला काडिझ, मालागा. 26 जानेवारी 2028 ला कंकणाकृती, परत स्पेनच. आणि इंग्लंडात खग्रास थेट 2090 ला, तेव्हा तू 75 चा असशील, म्हणून आत्ता जाऊया हे तुझं म्हणणं मला पटलंय. 2027 चं तर आजीकडेही खंडग्रास दिसणारे, पावसाने दिसू दिलं तर. ती पाळेल. तिला तेव्हा काही बोलू नकोस हं, हवं तर नंतर मला बोल.

यंदाची 12 ऑगस्ट म्हणजे आपली दिव्याची आवस. मी बॅगेत छोटं निरांजन टाकणारे आणि ग्रहण सुटल्यावर हॉटेलात आंघोळ करणारे. तू केलीच पाहिजेस असं नाही. चष्मे मात्र बाबाने आणलेत तेच, एक्सरेची फिल्म नाही की काजळी धरलेली काच नाही, आम्ही लहानपणी जे केलं ते चुकीचं होतं. पूर्ण काळोख होईल तेवढाच वेळ चष्मा काढायचा, किरण परत दिसला की लगेच लावायचा.

आणि स्वयंपाकघरातला तो भोकांचा झारा आठवणीने घे. पूर्ण काळोख व्हायच्या आधी, सूर्य बराचसा झाकलेला असेल तेव्हा पांढऱ्या कागदावर धरू, प्रत्येक भोकातून एक कोर पडेल. आजीकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतील, पण ती म्हणालीय, जागी राहीन, फोन लावा.

आई