बाईंनी कौतुक केलं, पण पुढचं वाक्य ऐकलंत का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा दुसरीत आहे. "नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये बाईंनी त्याचं इतकं कौतुक केलं की आम्ही खुशीत घरी आलो. आता मार्चमध्ये म्हणतात, वाचनात तो बराच मागे आहे. मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

ताई, सांगितलं होतं. तुमच्याच पत्रात आहे. "बाई म्हणाल्या, ही इज अ स्वीट बॉय, वी आर स्टिल वर्किंग ऑन हिज रीडिंग." हे दुसरं वाक्य म्हणजेच निरोप होता. 'अजून त्यावर काम चालू आहे' म्हणजे त्याला अजून जमत नाहीये. आपल्या शाळेतल्या बाई तोंडावर सांगायच्या, "लक्ष नाही याचं, घरी करून घ्या." इथल्या बाई आधी कौतुक करतात, मधे हळूच मुद्दा सांगतात आणि शेवटी पुन्हा कौतुक. आपण पहिल्या कौतुकालाच विरघळतो.

रागावू नका, मीही हेच केलंय. मुलगी तिसरीत असताना बाई म्हणाल्या, "शी इज व्हेरी सोशल." मी गाडीतच नवऱ्याला सांगितलं, हिला मैत्रिणी खूप आहेत हो! दोन महिन्यांनी तिच्या दप्तराच्या तळाशी गणिताचे सात-आठ कागद सापडले, चुरगळलेले, सगळे अर्धवट. पुढच्या मीटिंगला मी वही घेऊन गेले आणि म्हटलं, मला तिचं काम दाखवा. बाईंनी लगेच फाइल काढली. बेरीज-वजाबाकी स्वच्छ होती, पण शाब्दिक उदाहरण आलं की पुढे कागद कोरा. पोरगी गप्पा मारत होती, कारण तिला उदाहरणच कळत नव्हतं.

माझे वडील शिक्षक होते. पालक त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायलाही संकोचायचे. तो संकोच आपल्या अंगात मुरलाय, म्हणून आपण मान डोलावतो, थँक्यू म्हणतो आणि उठतो. इथे मात्र गप्प बसणाऱ्या पालकांना सगळं कळलं असंच शिक्षक धरून चालतात. प्रश्न विचारणं म्हणजे बाईंचा अपमान नव्हे. मीटिंग जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची असते, तेव्हा प्रश्न घरूनच लिहून न्या. या वेळेपर्यंत दुसरीच्या मुलाला काय वाचता यायला हवं? हा नेमका कुठे अडतो? त्याचा एखादा कागद दाखवाल? आम्ही घरी रोज काय करू? पुन्हा कधी बोलायचं? आणि त्याच रात्री, जे ठरलं ते चार ओळींत बाईंना ईमेल करा. तोंडी बोलणं विरून जातं, ताई.

आता मार्च आहे, तर हेच प्रश्न आजच ईमेलने विचारा. अडचण त्याहून खोल वाटत असेल, तर तारीख घालून शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमकडे, म्हणजे मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाकडे, मूल्यमापनाची लेखी विनंती करा. न्यू जर्सीत ती मिळाल्यापासून २० दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते. त्यात शाळेच्या सुट्ट्या धरत नाहीत. त्याच्या शाळेतल्या नोंदी पाहण्याचा हक्क तर तुम्हाला १९७४च्या फर्पा कायद्यानेच दिलाय. मागितल्यावर पब्लिक स्कूलला त्या ४५ दिवसांच्या आत दाखवाव्याच लागतात.

तुमच्या पत्रातलं बाकीचं थोडक्यात. "सासूबाई म्हणतात, घरी मराठी बोलता म्हणून तो मागे पडला." नाही. रात्रीची मराठी गोष्ट मुळीच बंद करू नका. "ह्यांना ऑफिसातून निघता येत नाही." मग फोनवरची वेळ मागा, पण त्यांना मीटिंगमध्ये घ्याच.

बाईंचं उत्तर आलं की मला कळवा. तो अक्षरं जोडताना अडतो की वाचलेलं समजून घेताना, हे त्यात आहे का तेवढं आधी बघा. नसेल तर पुन्हा विचारा.