मोराचं मांस आणि रोमची लूट

चिरंजिवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. कष्ट दिसतात. पण संत ऑगस्टीनला, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराच्या त्या ख्रिस्ती बिशपला, ‘जगाकडे पाठ फिरवलेला माणूस’ ठरवून तू फार लवकर मोकळा झालास. त्याच्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचा एकविसावा खंड उघड. मोराचं मांस कुजत नाही, असं त्यानं ऐकलं होतं. कार्थेजमध्ये शिजवलेला मोर समोर आला तेव्हा त्यानं छातीचा तुकडा बाजूला ठेवायला लावला. महिन्यानं पाहिला, वर्षानं पाहिला, आणि थोडा सुकला-आकसला एवढंच, असं लिहून ठेवलं. त्याचं बरोबर की चूक, ते सोड. सृष्टीचा कंटाळा असलेला माणूस मांसाचा तुकडा वर्षभर सांभाळत नाही.

तरुणपणी नऊ वर्षं तो मानीपंथात होता. जडसृष्टी अंधारातून आली, असं तो पंथ मानी. तिथून बाहेर पडल्यावर तो या ठाम मताला आला की जे जे आहे ते मुळात चांगलंच. वाईट म्हणजे त्या चांगल्याची उणीव. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकावरच्या भाष्यात तो म्हणतो, देवानं सगळं एकदमच निर्मिलं, पण पुष्कळसं बीजरूपानं, आणि ते काळाच्या ओघात उलगडत जातं. या बीजापाशी थांब. त्याचा निसर्ग आणि त्याचा इतिहास मला इथेच एकमेकांना भेटताना दिसतात. बीज रुजतं, वाढतं. काळ नुसता गरगरत नाही. म्हणूनच ‘देवाचे नगर’च्या बाराव्या खंडात तो त्याच त्या घटना पुन्हापुन्हा घडण्याची कल्पना धुडकावतो: ख्रिस्त एकदाच मेला. (आपल्या युगचक्राशी तुलना करायचा मोह होईल. आधी त्याचा वाद कोणाशी होता ते नीट समजून घे.)

410 साली अलारिक राजाच्या गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. जुने देव सोडून ख्रिस्ती झाल्याची ही शिक्षा, असं लोक म्हणू लागले. त्याला उत्तर म्हणून सुरू झालेला ‘देवाचे नगर’ 22 खंडांचा झाला. मला त्याचं मोठेपण वाटतं ते यात, की त्यानं पाप-पुण्याचा उलटा जमाखर्च मांडला नाही. संकट भल्याबुऱ्यांवर सारखंच येतं. देवावरच्या प्रेमाचं नगर आणि स्वतःवरच्या प्रेमाचं नगर शेवटपर्यंत एकमेकांत मिसळलेली राहतात. तू मात्र एक नगर चर्चला आणि दुसरं रोमला वाटून टाकलंस. तो परिच्छेद खोड.

430 साली वांडल टोळ्यांचा हिप्पोला वेढा पडला होता. आजारी ऑगस्टीननं बायबलमधली पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून भिंतीवर लावून घेतली होती. अंथरुणावरून ती वाचत तो रडे. तिथून लेख पुन्हा सुरू करून बघ, आणि मला पाठव.

तुझा,
सर