डेलियाचे कंद नागपूरच्या उन्हाळ्यात कसे राखावेत?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात रोपवाटिकेतून आणलेल्या डेलियाला फेब्रुवारीअखेरपर्यंत भरभरून फुले आली. झाडे वाळल्यावर कुंड्या तशाच गच्चीवर राहिल्या. पावसाळ्यानंतर माती उकरली, तर कंद पूर्ण कुजलेले निघाले. आपल्याकडे कंद राखता येतात का, की दरवर्षी नवी रोपेच आणावीत?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : कंद निश्चित राखता येतात, विशेषतः मोठ्या फुलांच्या जातींसाठी हे कष्ट घेण्यासारखे आहेत. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या उंच पठारांवरचा असल्यामुळे त्याला थंडावा मानवतो. थंड देशांत कंद गोठू नयेत म्हणून ते हिवाळ्यात काढून ठेवतात आणि वसंतात लावतात, आणि बागकामाच्या अनेक पुस्तकांत हेच वेळापत्रक दिलेले असते. नागपुरात मात्र हे चक्र उलटे चालते. येथे डेलिया थंडीत फुलतो आणि कंद जपावा लागतो तो मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हापासून व त्यानंतरच्या पावसापासून. आपल्या कुंड्यांतील कंद आधी गच्चीवर तापले आणि मग ओल्या मातीत कुजले, असे दिसते.

मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करावे आणि झाड वाळल्यावर खोड वीतभर ठेवून छाटावे. खोडाला धरून झाड उपटू नये. कुंडी आडवी करून मातीचा गड्डाच बाहेर काढावा. असे सांगण्याचे कारण कंदाच्या रचनेत आहे. बटाट्याला सर्वांगावर डोळे असतात, तसे डेलियाच्या कंदाला नसतात. जुन्या खोडाच्या बुडाशी, कंदाची बारीक मान जेथे जोडलेली असते, तेथेच मोहरीएवढे फुगीर डोळे असतात. मान मोडली, तर कंद कितीही टपोरा असला तरी त्याला कोंब येत नाही.

काढलेला झुबका सावलीत दोन-तीन दिवस सुकवावा, गंधकाची भुकटी लावावी आणि मातीच्या पसरट भांड्यात कोरड्या वाळूत झाकून ठेवावा. जागा घरातील सर्वांत थंड असावी. परंतु कूलरच्या ओलसर झोतात हे भांडे मुळीच ठेवू नये, कारण त्या दमट हवेत कंदावर लगेच बुरशी चढते. दर पंधरवड्याला वाळू बाजूला करून पाहावे. कंद सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलका शिपका द्यावा. मऊ पडलेला भाग कापून टाकावा.

सप्टेंबरमध्ये पावसाचा जोर ओसरू लागला की झुबका ओलसर वाळूवर मांडावा. कोंब दिसल्यावर प्रत्येक तुकड्याला खोडाचा अंश व किमान एक डोळा येईल अशा बेताने धारदार सुरीने विभागणी करावी. आपल्या काळ्या मातीत पाणी फार काळ साचून राहते, म्हणून माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. १२ इंची कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालून ऑक्टोबरमध्ये लागवड करावी.

प्रश्न : माझा डेलिया उंच वाढून आडवा पडतो आणि फुले लहान येतात. काय करावे?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : प्रथम युरिया बंद करावा, त्याने पानेच माजतात. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीच्या टोकाला सहसा तीन कळ्या येतात. त्यांतील मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच काढाव्यात. आधाराची काठी लागवडीच्या वेळीच रोवावी, कारण नंतर रोवताना ती कंदात घुसण्याची भीती असते, आणि खोड काठीला सुतळीने सैलसर बांधावे.