वडील गेलेला मुलगा परत शाळेत येताना

ताई, छोट्या गटातल्या मुलाचे वडील गेले, दहावा आटोपला की तो शाळेत येणार, आता वर्गात काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. खरं काम तो यायच्या आधीचं आहे.

घरी एकच फोन करा. आईच बोलली पाहिजे असं नाही. मामा, आत्या कुणीही चालेल. मुलाला नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलंय? रामकुंडावर अस्थिविसर्जनाला तो होता का? आता सोडायला-न्यायला कोण येणार? यातला पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा. ‘बाबा झोपलेत’ सांगितलेलं मूल झोपायला घाबरू शकतं. ‘गावाला गेलेत’ ऐकलेलं वाट बघत बसतं. घरच्यांना हळूच सुचवा: ‘बाबांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही.’ शेवटचा तुकडा गाळू नका, कारण आपल्या हट्टामुळेच असं झालं, असं या वयात वाटू शकतं. अस्थिविसर्जन पाहिलं असेल तर ‘बाबांना पाण्यात थंडी वाजते का?’ हेही येईल. ‘शरीर बंद पडलं की थंडी वाजत नाही, दुखत नाही’ एवढं पुरे. उद्या तोच प्रश्न, तेच उत्तर.

इतर मुलांना आदल्या दिवशी दोन वाक्यांत सांगा. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर घरच्यांना विचारल्याशिवाय काही नको; हार घातलेला फोटो तर नकोच.

पहिले तीन-चार दिवस निम्मा वेळ, आणि त्याच्याजवळ रोज तीच ताई. प्रार्थना, डबा, गाणी नेहमीच्या क्रमाने. दया म्हणून सगळे नियम सैल केले की मूल आणखी बिथरतं. चड्डी ओली होणं, अंगठा चोखणं गृहीत धरा, जादा कपडे मागवून ठेवा. रडून पाच मिनिटांत घसरगुंडीवर हसला, म्हणजे विसरला असं नव्हे. बाहुलीला आडवं ठेवून हार घालू लागला तर घालू द्या. शाळेतल्या मावशींना हे आधीच सांगा, नाहीतर ‘अशुभ’ म्हणून ओरडा ठरलेला.

रोज एक ओळ लिहा: डबा, रडणं, खेळणं. ‘मला बाबांकडे जायचंय’ म्हणाला तर घाबरू नका, पण त्याच दिवशी घरी कळवा. महिना-दीड महिन्यानंतरही खाणं-झोप सुधारली नाही, तर बालमानसतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं.

योजना बहुधा फसते ती नंतर. पंधरा दिवस सगळे जपतात, मग जूनमधल्या पितृदिनाला ‘बाबांसाठी कार्ड’ काढायला बसवतात. कार्ड कुणासाठी, हे सगळ्याच मुलांना निवडू द्या. वडिलांचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि मोठ्या गटात जाताना ती वही नव्या ताईंच्या हातात द्या.